बत्तीस नंबरचा आवाज

— नाही, नाही, असं मधे धरून नका उचलू, कंबर जाईल तुमची, आणि मग माझी पोरगी मलाच बोलेल. पत्र्याचं आहे ते, हल्लीच्यासारखं प्लास्टिकचं नाही. चौदा किलो. हां, ठेवा, टेबलावरच राहू दे. आधी बसा, पाणी घ्या. दार राहू दे उघडंच, हवा येते — द्रौपदी, म्हणजे आमची मंडळी, घरात असती तर मांजर येतं म्हणून लावून घ्यायला लावलं असतं, पण ती गेलीय वांगणीला बहिणीकडे. तर तुम्ही मिहिर. मी भाऊराव. जोगेश्वरीहून आलात, मेट्रोने. आणि हे धूड घेऊन परत मेट्रोनेच जाणार? त्या बॅगा तपासायच्या यंत्रात घालणार? तो सिक्युरिटीवाला म्हणणार हे काय आहे, तुम्ही म्हणणार वाजवायचं आहे, तो म्हणणार मग वाजवून दाखवा — घाटकोपर स्टेशनवर प्रोग्राम करणार का तुम्ही? मी आपलं काळजीने सांगतो. सव्वातीन झालेत. चारच्या आत आपलं काय ते उरकून घेऊ. गुरुवार आहे ना, गुरुवारी चारला माझ्याकडे एकजण येतो, आणि तो यायच्या आत तुम्ही — म्हणजे घाई नाही, पण निघालेलं बरं.

ह्या सिंथेसायझरची जाहिरात मी नाही टाकली. ते आधी स्पष्ट करतो. माधुरीने टाकली, माझ्या मुलीने. तिचं घरूनच काम असतं आता, दिवसभर कानाला ते लावून बसलेली, तिला टेबल हवंय. टेबलावर हे. गेल्या महिन्यात ती एक वायर घेऊन आली, एक टोक ह्याच्या पाठीत खुपसलं, दुसरं लॅपटॉपात, आणि पाच मिनिटांत — तुम्हाला सांगतो, माझा चहा निवला नव्हता — मी तीस वर्षांत बनवलेले बत्तीसच्या बत्तीस आवाज तिकडे गेले. म्हणाली, ‘बाबा, आता हे सगळं लॅपटॉपातल्या प्लगइनमध्ये आहे, मशीनशिवाय वाजतं, मग हे कशाला?’ तुम्ही जाहिरातींचं म्युझिक करता म्हणालात फोनवर, तुम्हाला मी काय प्लगइन समजावणार. तुमच्याकडे असेलच की. ह्याच मशीनचं? — बघा, मान हलवलीत. म्हणजे आहे. म्हणजे तुमच्या घरी हा असाच्या असा आवाज आहे, त्याला वजन नाही, धूळ बसत नाही, आणि तरी तुम्ही आख्खी मुंबई आडवी कापून इथे आलात. का हो?

‘ओरिजिनल’. हां, मला वाटलंच हा शब्द येणार. ऐका, माधुरीने दाखवलं मला ते प्लगइन. पडद्यावर ह्या मशीनचं चित्र काढलंय त्या लोकांनी, बटणं तशीच, हिरवा पडदा तसाच, आणि खाली एक वेगळं बटण आहे — ते दाबलं की मागे बारीक खरखर सुरू होते. म्हटलं, हे काय, बिघडलं? तर ती म्हणाली, नाही बाबा, जुन्या मशीनची खरखर आहे ती, मुद्दाम घातलीय. अरे, मी त्या खरखरीसाठी शिव्या खाल्ल्यात. स्टेजवर खाल्ल्यात. साउंडवाला माझ्याकडे बघून हात जोडायचा. मी पार उघडून, रबराने आतले सांधे घासून ती घालवायचा प्रयत्न केलाय — टेलिफोनमध्ये होतो ना मी, सोल्डरिंगला हात बसलेला — आणि तुम्ही लोक ती विकत घेता. मग घ्या ना. तिथे घ्या. तिथे बंद तरी करता येते, इथे तुम्हाला फुकट मिळेल पण जन्मभर मिळेल.

आणि फरक कळतो असं म्हणू नका. मीही म्हणायचो. माधुरीला म्हटलं, झोपेतून उठव मला, मी सांगीन कुठलं मशीन आणि कुठलं लॅपटॉप. ती कसली सोडते. मला इथेच भिंतीकडे तोंड करून बसवलं, दहा वेळा वाजवलं, कधी हे, कधी ते, आणि वहीत टिकमार्क. दहापैकी आठ चुकलो. आठ, मिहिर. हसा, हसा. पाच चुकलो असतो तर म्हटलं असतं नुसते अंदाज मारले — पण आठ चुकायचे म्हणजे काय? म्हणजे मला फरक बरोब्बर कळत होता, फक्त लॅपटॉपवालं मला खरं वाटत होतं. द्रौपदी दोन दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होती. तर तुमचं हे ओरिजिनल वगैरे, मी स्वतः आठ वेळा नापास झालेला माणूस तुम्हाला सांगतोय — पैसे वाचवा.

खोड्या सांगू का ह्याच्या? दहा मिनिटं आधी चालू करावं लागतं, नाहीतर पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत. ही वरची पट्टी, ही, काळ्याच्या शेजारची, जोरात दाबली तरच बोलते. आत एक बॅटरी आहे गोळीएवढी, ती संपली की सगळे आवाज पुसले जातात. पार कोरे. मी तीनदा बदललीय, आणि तिन्ही वेळा द्रौपदीने टॉर्च धरलेला आणि ती म्हणत होती, बाळंतपणाला एवढे घाबरला नव्हतात तुम्ही. — हो, आता माधुरीच्या लॅपटॉपात आहेत सगळे, आता पुसले गेले तरी परत घालता येतील, खरंय तुमचं. तुम्ही हुशार आहात. पण — काय करताय? तिथे नका दाबू. पहिला दाबा, सातवा दाबा, तो घुंगरांचा आहे, झकास आहे. बत्तीस नका. बत्तीसला हात लावू नका प्लीज.

काही नाही हो, तसं काही नाही. आवाजच आहे. क्लॅरिओनेटचा आहे. अनिरुद्धचा. जो चारला येतो तो.

आता विषय काढलाच आहात तर — म्हणजे मीच काढला, असू दे. आमची गायन पार्टी होती, ‘सुंदराबाई आणि पार्टी’. चौदा एप्रिलच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर दीड महिना आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची, इथून पार अंबरनाथपर्यंत, एका दिवसात दोन-दोन प्रोग्राम. बाई गायच्या, काय आवाज होता, माईक लांब धरायला लागायचा. मी आधी साधी पेटी वाजवायचो आणि अनिरुद्ध क्लॅरिओनेट. बाईंनी ओळ सोडली की तो ती उचलायचा, इतकी अलगद की बाईंनी कुठे सोडली आणि ह्याने कुठे धरली ते सांगता यायचं नाही. मग त्र्याण्णवला मी हे घेतलं, मस्कतहून परत आलेल्या एका माणसाकडून. कापडात गुंडाळून, टॅक्सीतून आणलं, अर्धी चाळ बघायला. तेव्हा आमच्यासाठी हेच ते काय तुमचं प्लगइन — एका पेटीत सगळा बँड. पण ह्याच्यातली क्लॅरिओनेट भिकार होती. पिपाणी वाटायची. म्हटलं, आपण बनवू. ह्याला गोल फिरवायच्या खुंट्या नाहीत, बघा, एक सरकपट्टी आणि एवढासा पडदा, एका वेळी एकच आकडा दिसतो, शून्य ते नव्व्याण्णव. असे शंभरावर आकडे जुळवायचे तेव्हा एक आवाज होतो. मी एकट्याने कसा करणार? मी अनिरुद्धला म्हटलं, तू ये, वाजव, मी जुळवतो.

आणि तो आला, मिहिर. तीन महिने, दर गुरुवारी, बँडला सुट्टी असायची ना त्याच्या — लग्नाच्या बँडमध्येही होता तो, चेंबूरच्या. तिथे खाटेवर बसायचा. खालचा पंचम फुंकायचा, मी आकडा बदलायचो, पट्टी दाबायचो, तो मान हलवायचा. ‘अजून हवा हवी रे.’ ‘सुरुवातीला जीभ लागते, ती कुठाय?’ ‘हा रडतोय भाऊ, मी रडत नाही.’ कंटाळला नाही कधी. स्वतःचा आवाज काढून माझ्या हातात देत होता तो, आणि वर म्हणत होता, घाई करू नकोस. शेवटी एका गुरुवारी मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, ‘अजून जरा आहे.’ मी म्हटलं, पुरे आता, चौदा एप्रिल तोंडावर आलाय. बत्तीस नंबरला ठेवला. नावाला दहा अक्षरं मिळतात इंग्रजीत, त्याचं नाव घातलं. आजही आहे बघा. — नको, लावू नका, मी नुसतं सांगतोय.

पुढे काय व्हायचं ते झालं. पुढचं सांगायचं नसतं खरं तर. तुम्ही बिस्किट घ्या.

टेम्पो होता आमचा. मागे माणसं आणि सामान, पुढे ड्रायव्हरशेजारी बाई. ह्या मशीनची पेटी केली होती मी लाकडाची, आत फोम लावून — एवढी लांब. उभी राहायची नाही, आडवी ठेवली तर एका माणसाची जागा जायची. एप्रिलची आठ तारीख, ह्या मशीनचा पहिला प्रोग्राम कल्याणला, आम्ही सगळे खाली टेम्पोपाशी. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘भाऊ, एकाला उतरवावं लागेल. कोणाला उतरवू, तूच सांग.’ आता सहा जण होतो. ढोलकीवाला होता, कोरसचे दोघे होते, त्यातला एक तर नुसती मान हलवायचा, त्याला उतरवला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आणि मी काय म्हणालो माहितीय? मी म्हणालो, ‘बाई, क्लॅरिओनेट आता माझ्याकडे आहे, बत्तीस नंबरला.’

एवढंच. बाईंनी माझ्याकडे जरा बघितलं, आणि पदर खोचून गेल्या पुढे. मग मीच गेलो अनिरुद्धकडे. तो पांढरा शर्ट घालून उभा, कडक इस्त्रीचा, हातात ती काळी पेटी. मी म्हटलं, अनिरुद्ध, बाईंनी असं ठरवलंय. बाईंनी. तो ‘बरं’ म्हणाला. ‘बरं, पाणी आणि गोळ्या घेतल्यास ना बाईंच्या घशाच्या?’ असं विचारलं त्याने मला. टेम्पो निघाला तेव्हा मी पाठमोरा बसलो होतो मुद्दाम. आणि कल्याणला बत्तीस नंबर लावला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणाला काही कळलं नाही. मला लाज वाटली, मिहिर. आजही वाटते. बाई जाऊन आता बारा वर्षं झाली, त्यामुळे हे आता फक्त मला माहीत आहे — आणि आता तुम्हाला. कुठे बोलू नका. जोगेश्वरीला कोण ओळखतंय म्हणा.

मग तीन वर्षं त्याने तोंड दाखवलं नाही. मीही नाही गेलो, कुठल्या तोंडाने जाणार. माधुरी झाली शहाण्णवला, तेव्हा एक दिवस हा दारात, हातात पेढ्याचा पुडा. बाळ बघितलं, चहा घेतला, आणि म्हणाला, ‘लाव बघू तो.’ मी लावला. डोळे मिटून ऐकलं, ‘हं’ म्हणाला, रुमाल काढून नाकाला लावला. मी आत जाऊन डोळे पुसून आलो हो. तेव्हापासून दर गुरुवारी. आता वय झालं त्याचं, कवळी बसवलीय, क्लॅरिओनेट ओठांत धरता येत नाही, आठ वर्षं झाली पेटी उघडलेली नाही. तर तो इथे बसतो, दोन बोटांनी बत्तीस नंबर वाजवतो, स्वतःच वाजवतो, स्वतःच ऐकतो, ‘हं’ म्हणतो, रुमाल नाकाला लावतो. मी आपला त्याच्या चहात साखर जरा जास्त घालतो.

म्हणून सांगतो, हे मला विकता येत नाही. — हो, ते मला कळतं, लॅपटॉपात आहे की तो आवाज. माधुरीही तेच म्हणते. तीही हुशार आहे. ती तर पुढचं म्हणते — म्हणते, काकांच्या टॅबमध्येच घालून देते, त्यांच्या सुनेकडे आहे टॅब, बिचाऱ्यांना चेंबूरहून बसने यायला नको, दोन जिने चढायला नकोत, घरी बसून वाजवतील. केवढं सोपं. दहापैकी आठ वेळा मलाच खरं वाटलं होतं, त्याला का नाही वाटणार? आणि मग गुरुवारी चारला माझ्याकडे कोण येणार, ते सांगा मला. आहे का त्याचं प्लगइन? तर तुम्ही असं करा, माधुरीला फोन करून सांगा, तुमच्या बाबांचं मशीन बघितलं, भंगार निघालं, खालच्या अर्ध्या पट्ट्या बंद आहेत. तुमच्यावर ती विश्वास ठेवेल, तुम्ही धंद्यातले आहात. एवढं करा माझ्यासाठी. आणि ही चार बिस्किटं राहिलीत ती —

काय झालं? दाराकडे काय बघताय?

अनिरुद्ध.

तू कधी आलास रे? चार कुठे झालेत अजून, साडेतीन — बस लवकर मिळाली? बरं. बरं, ये ना, असा उंबऱ्यात काय — चपला काढून उभा आहेस. म्हणजे किती वेळ उभा आहेस? हे मिहिर आहेत, हे पंखा बघायला आले होते, पंखा आवाज करतो ना — नाही. नाही, पंखा नाही. ऐकलंस का तू? किती ऐकलंस?

टेम्पोपासून.

अनिरुद्ध, मी तुला सांगणारच होतो, दर गुरुवारी वाटायचं आज सांगू, मग चहा उकळायचा आणि — काय? माहीत होतं म्हणजे काय माहीत होतं? कुणी सांगितलं? बाईंनी? कधी? … त्याच आठवड्यात. घरी येऊन. म्हणजे तू पेढे घेऊन आलास तेव्हा तुला — आणि तेव्हापासून दर गुरुवारी, अरे, तीस वर्षं होतील आता, तू सगळं माहीत असून इथे बसतोस आणि माझ्या तोंडाकडे बघून ‘साखर जास्त झाली’ म्हणतोस? एकदा तरी बोलायचंस. शिव्या घालायच्यास. मला मोकळं वाटलं असतं.

हसतोय काय? मिहिर, हसतोय बघा हा. मग तो रुमाल कशाला? डोळ्यांत पाणी यायचं ना तुझ्या? … सर्दी. कुणाला सर्दी, तुला? … आवाजाला.

आवाजाला सर्दी झालीय म्हणतो. माझ्या बत्तीस नंबरला. पहिल्या दिवसापासून, म्हणतो, नाक चोंदल्यासारखा वाजतो. दर गुरुवारी हा नाकाला रुमाल लावून मला तेच सांगत होता, आणि मी आपला आत जाऊन डोळे पुसून यायचो. अरे, मग एवढा चोंदलेला आहे तर ऐकायला येत कशाला होतास? चेंबूरहून? दोन जिने चढून? बोल ना.

… काय म्हणालास? जरा मोठ्याने बोल.

‘अजून जरा आहे’, म्हणतो.

हो. तेव्हाही म्हणाला होतास. मीच ऐकलं नाही.

थांब, खाटेवर नको, इथे बस, पडद्याजवळ, चष्मा लाव. चालू करतो, दहा मिनिटं लागतील अक्षरं यायला, तोवर कवळी काढून ठेव हवी तर. क्लॅरिओनेट नसू दे, तोंडाने कर, गुणगुण, कसंही कर, पण खालचा पंचम दे मला. कुठे चोंदलंय ते दाखव. जीभ कुठे लागते ते सांग. आकडे माझ्या अजून लक्षात आहेत, सगळे नाहीत, पण येतील — नाही, घाई नाही. ह्या वेळेला काही घाई नाही. द्रौपदी येईपर्यंत वेळच वेळ आहे, आणि ती आली की परत चहा होईल.

मिहिर, तुम्ही अजून उभेच? निघा तुम्ही. माधुरीला करायचा तो फोन राहू दे, तिला मीच सांगतो. बिस्किटं न्या वाटेत खायला. आणि जाताना दार तेवढं ओढून घ्या. मशीन कामात आहे.